जीपीएक्स फाइल वर्डप्रेसवर का चढत नाही, आणि ती नीट कशी चढवायची

पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपच्या साइट्सवर आता नुसते फोटो आणि वृत्तान्त पुरत नाहीत. कात्रज ते सिंहगड रात्रीचा ट्रेक असो की राजगड-तोरणा, वाट नेमकी कुठल्या सोंडेवरून उतरते ते दाखवणारी जीपीएक्स फाइल लोक हक्काने मागतात. लीडरने घड्याळात किंवा मोबाइलवर वाट रेकॉर्ड केलेली असते. तो ती साइटवर टाकायला जातो आणि वर्डप्रेस, म्हणजे साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर, सांगतं की या प्रकारची फाइल अपलोड करण्याची तुम्हाला परवानगी नाही. फाइलला काहीही झालेलं नसतं. तीच फाइल व्हॉट्सॲपवर सुखाने जाते, मेलवर जाते, मग साइटलाच काय झालं?

हाच अनुभव इतरांनाही येतो. एखाद्या संस्थेच्या बोधचिन्हाची एसव्हीजी फाइल असते, अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकाला दिवाळी अंकाची ईपब आवृत्ती द्यायची असते, आर्किटेक्टकडे डीडब्ल्यूजी ड्रॉइंग असतं, छापखान्याकडे कोरलड्रॉची सीडीआर. वर्डप्रेस यातलं काहीही आपणहून घेत नाही.

मग माणूस नेटवर शोधतो, आणि पाचेक मिनिटांत त्याला एक ओळ सापडते. ती सेटिंगच्या फाइलमध्ये टाकली की सगळं चढतं. मला खरी कळकळ या ओळीबद्दल आहे. ती टाकायची गरज जवळजवळ कधीच नसते. जो प्रकार हवा तेवढाच उघडता येतो, त्याला फार वेळही लागत नाही. पण त्यासाठी आधी वर्डप्रेस नाही का म्हणतं हे समजून घ्यावं लागतं.

नकार कशासाठी

सर्व्हरवरच्या फाइली दोन तऱ्हांच्या असतात. फोटो, पीडीएफ, गाणं या फाइली सर्व्हर नुसत्या उचलून मागणाऱ्याच्या हातात देतो. त्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दुसऱ्या तऱ्हेच्या फाइली तो देत नाही, स्वतः चालवतो. पीएचपी ही त्यातली मुख्य. खुद्द वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेलं आहे. कुणी तुमच्या साइटचं पान उघडलं की सर्व्हर पीएचपी चालवतो आणि त्यातून तयार झालेलं पान पाठवतो.

आता समजा, फोटो ठेवायच्या फोल्डरमध्ये परक्या माणसाने स्वतःची एक पीएचपी फाइल टाकली. तिचा पत्ता त्याला ठाऊक असतो, कारण वर्डप्रेसमध्ये अपलोड केलेलं सगळं वर्ष आणि महिन्याच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये जातं. तो पत्ता त्याने ब्राउझरमध्ये टाकला की सर्व्हर ती फाइल इमानेइतबारे चालवतो. वर्डप्रेसला जे जे करता येतं ते ते त्या फाइललाही करता येतं: डेटाबेसचा पासवर्ड वाचणं, नवा प्रशासक तयार करणं, तुमच्या साइटच्या नावाने हजारो मेल पाठवणं. अशा फाइलला वेब शेल म्हणतात, आणि ती कधीकधी दोन-तीन ओळींचीच असते.

हे पुस्तकातलं भय नाही. २०११ मध्ये टिमथंब नावाची, फोटो लहान-मोठे करणारी एक छोटी स्क्रिप्ट असंख्य थीममध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या तयार साच्यांमध्ये, आलेली होती. बाहेरच्या ठरावीक साइटवरूनच फोटो आणायचे असा तिचा नियम होता. पण ती पत्त्यामध्ये त्या साइटचं नाव कुठेतरी आलंय एवढंच बघायची. हल्लेखोरांनी आपल्या पत्त्यातच ते नाव घुसवलं, फोटोच्या जागी पीएचपी पाठवली, आणि स्क्रिप्टने ती निमूट साठवून घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला नवी सोय जोडणाऱ्या पुरवणीत, भोक सापडलं. ते प्लगइन ७ लाखांहून जास्त साइट्सवर होतं, आणि लॉगिन न करताही कुणालाही त्यातून फाइल चढवता येत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कॉन्टॅक्ट फॉर्म ७ या प्लगइनला घाईने ५.३.२ ही आवृत्ती काढावी लागली. फाइलच्या नावात विशिष्ट चिन्हं घातली की त्याची तपासणी चुकवता येत होती, आणि हे प्लगइन वापरणाऱ्या साइट्स ५० लाखांच्या वर होत्या. तिन्ही वेळा मूळ दुखणं एकच: जी फाइल आत यायला नको होती ती आली.

यावर बहुतेक जण म्हणतात, आमच्या एवढ्याशा साइटवर कोण येतंय? येणारा माणूस नसतोच. आपोआप चालणारे प्रोग्राम रात्रंदिवस साइट्स चाळत असतात. तुमची साइट कोणाची आहे हे त्यांना माहीत नसतं आणि त्याने त्यांना फरकही पडत नाही. त्यांना फक्त एक चालता सर्व्हर हवा असतो, बनावट बँकेचं पान लपवायला किंवा भलत्याच जाहिराती पेरायला. ट्रेकिंग ग्रुप, वाचनालय, गणेश मंडळ यांच्या साइट्स त्यासाठी सोयीच्या पडतात, कारण तिकडे महिनोन् महिने कुणी फिरकत नाही.

वर्डप्रेस नेमकं काय तपासतं

पहिली तपासणी नावाच्या शेपटीची, म्हणजे एक्स्टेन्शनची. वर्डप्रेसकडे एक यादी आहे. तीत जेपीजी, पीएनजी, पीडीएफ, वर्ड, एक्सेल, एमपी३, एमपी४, झिप अशी नेहमीची मंडळी आहेत. फोटोशॉपची पीएसडीसुद्धा आहे. जीपीएक्स, केएमएल, एसव्हीजी, ईपब, डीडब्ल्यूजी नाहीत. यादीत नाही म्हणजे ती फाइल वाईट, असं नाही. सगळ्या जगाला लागत नाही, किंवा धोका आहे, किंवा दोन्ही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी तपासणी आतल्या मालाची. घरातल्या बोर्नव्हिटाच्या डब्यात बहुधा मोहरी निघते, तसं फाइलच्या नावावरून आत काय आहे ते ठरत नाही. म्हणून सर्व्हर फाइलची पहिली काही अक्षरं वाचतो. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी होते. झिपची सुरुवात पी आणि के या अक्षरांनी होते. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरं. नव्या धाटणीच्या वर्ड-एक्सेल फाइली (डॉक्सएक्स, एक्सएलएसएक्स) आणि ईपब आतून झिपच असतात, त्यामुळे त्यांचीही सुरुवात तशीच होते. आत जे सापडलं त्याला सर्व्हर एक प्रकार-नाव देतो, त्याला माइम टाइप म्हणतात. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.०.१ आवृत्तीपासून वर्डप्रेसने हे पडताळणं कडक केलं. नाव सांगतं एक आणि आत निघतं दुसरं, अशी फाइल तेव्हापासून परत जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे चढवणारा कोण. वर्डप्रेसमध्ये 'कॉन्ट्रिब्युटर' दर्जाच्या माणसाला लेख लिहिता येतो, पण फाइल चढवता येत नाही. 'ऑथर' आणि त्यावरच्यांना येते. पुढे नवा प्रकार उघडाल तेव्हा तो या सगळ्या ऑथरांना उघडतो, हे ध्यानात असू द्या.

याशिवाय एक छोटी खबरदारी वर्डप्रेस गुपचूप घेतं आणि मला ती फार आवडते. 'फोटो.पीएचपी.जेपीजी' असं दुहेरी शेपटीचं नाव दिलं, तर मधल्या शेपटीच्या शेवटी ते एक अंडरस्कोर जोडून टाकतं. काही सर्व्हर मधली शेपटी बघूनही फाइल चालवायला घेतात. त्यांच्यासाठी केलेली ही सोय.

ती एक ओळ

नेटवर मिळणारी ओळ म्हणजे 'अलाउ अनफिल्टर्ड अपलोड्स' हा स्थिरांक, म्हणजे कोडमधली एक सेटिंग. तो डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टाकून चालू केला की प्रशासकाला कुठल्याही प्रकारची फाइल चढवता येते. कुठल्याही म्हणजे पीएचपीसुद्धा. तुम्हाला हवी होती जीपीएक्स, आणि उघडलं गेलं सगळंच.

याच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो आणि तो खोटा नाही: प्रशासक तसाही प्लगइनची झिप चढवून पीएचपी आत आणू शकतो, मग या ओळीने वेगळं काय बिघडलं? ज्या साइटवर प्रशासक एकच आहे आणि त्याचा पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, तिथे फरक थोडा आहे. पण आपल्याकडच्या संस्थांची पद्धत डोळ्यांपुढे आणा. 'ॲडमिन' नावाचं एकच खातं, पासवर्ड कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि मागच्या वर्षीच्या कार्यकारिणीतले चौघे अजून त्याच ग्रुपमध्ये. शिवाय काळजी घेणाऱ्या डेव्हलपरने प्लगइन बसवण्याची सोय बंद करून ठेवली असेल, तर या ओळीने त्याच्या बंदोबस्ताला बाजूने वाट करून दिली. आणि ही ओळ एकदा गेली की राहतेच. काम झाल्यावर ती काढायला पुन्हा कोणी जात नाही.

नीट करायचं तर

सर्वात आधी वर्डप्रेसची आवृत्ती बघा. वेबपी फोटो जुलै २०२१ च्या ५.८ पासून चालतात, एव्हिफ एप्रिल २०२४ च्या ६.५ पासून. आयफोनचे एचईआयसी फोटो नोव्हेंबर २०२४ च्या ६.७ पासून, सर्व्हरला जमत असेल तर, आपोआप जेपीजी होऊन बसतात. नेटवर या प्रकारांसाठी सुचवलेले कितीतरी जुने उपाय आता निरुपयोगी आहेत. साइट अद्ययावत केली की काम संपतं, आणि अद्ययावत करणं तसंही लांबवू नये. फॉन्टचंही तसंच. ६.५ मध्ये एडिटरमध्ये फॉन्ट लायब्ररी आली. ब्लॉक थीम असेल तर देवनागरी फॉन्ट तिथून थेट चढवता येतो, चालणाऱ्या प्रकारांची यादी बदलावी लागत नाही. फक्त त्या फॉन्टचा परवाना वेबसाठी आहे का ते बघा.

जीपीएक्ससारख्या प्रकारासाठी दोन रस्ते आहेत. कोडशी मैत्री नसेल तर 'फाइल अपलोड टाइप्स' यासारखं प्लगइन बसवायचं. त्यात प्रकारांवर खुणा करता येतात, नसलेला प्रकार स्वतः जोडताही येतो. कोड चालत असेल तर वर्डप्रेसने त्यासाठीच ठेवलेला 'अपलोड माइम्स' नावाचा फिल्टर, म्हणजे ती यादी बाहेरून बदलायची जागा, वापरायचा. त्यात चार-पाच ओळींचं काम असतं: आधीची यादी घ्यायची, तीत 'जीपीएक्स' ही शेपटी आणि तिच्यासमोर तिचा माइम टाइप लिहायचा, यादी परत द्यायची. हा तुकडा थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये टाकू नका. थीम अपडेट झाली की तो पुसला जातो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार येते. त्याचं वेगळं, एका फाइलचं प्लगइन करा.

बहुतेक जण अडकतात ते इथे. जीपीएक्ससाठी कागदोपत्री म्हणावा असा माइम टाइप आहे 'ॲप्लिकेशन/जीपीएक्स+एक्सएमएल'. माणूस तो लिहितो, सेव्ह करतो, फाइल चढवतो, आणि नकार पुन्हा तोच. कोड तर बरोबर आहे! कारण कळायला जीपीएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत साधा मजकूर दिसेल. पहिली ओळ सांगते की हे एक्सएमएल, म्हणजे खुणांमध्ये बांधलेला मजकूर, आहे. मग खाली ओळीमागून ओळी, प्रत्येकीत एक बिंदू: अक्षांश १८.३६, रेखांश ७३.७५, उंची, वेळ. हा सिंहगडाच्या आसपासचा एक क्षण. अशा हजारो क्षणांची माळ म्हणजे तुमचा ट्रेक.

सर्व्हर फक्त सुरुवात वाचतो. त्याला दिसतं एक्सएमएल, म्हणून तो निदान करतो 'टेक्स्ट/एक्सएमएल'. तुम्ही यादीत लिहिलंय वेगळंच. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून दुसऱ्या तपासणीत फाइल बाद होते. उपाय असा की यादीत जीपीएक्ससमोर तुमचा सर्व्हर जे म्हणतो तेच लिहायचं. तो काय म्हणतो ते होस्टिंगवाल्याला विचारता येतं, किंवा टर्मिनल मिळत असेल तर 'फाइल' ही कमांड माइमच्या पर्यायासह फाइलवर चालवून स्वतः बघता येतं. सर्व्हर बदलला तर हे निदान बदलू शकतं. म्हणून साइट नव्या होस्टिंगवर नेल्यावर पूर्वी चढणारी फाइल अचानक चढेनाशी झाली, तर पहिला संशय याच जुळणीवर घ्यायचा.

आकाराचाही प्रश्न येतो, आणि तो परवानगीचाच प्रश्न आहे असं समजून लोक भलतीकडे शोधत बसतात. पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी असते. कात्रजपासून सिंहगडापर्यंत रात्रभराची वाट सेकंदाला एक बिंदू या वेगाने रेकॉर्ड केली, तर आठ तासांचे २८,८०० बिंदू होतात. प्रत्येकाला शंभरेक अक्षरं धरली तर फाइल ३ एमबीच्या घरात जाते. बहुतेक होस्टिंगवाले मर्यादा आधीच वाढवून देतात. न वाढवलेली असेल तर अपलोडच्या पानावर कमाल आकार लिहिलेला दिसतो. ४१३ असा आकडा दिसला तर वर्डप्रेसपर्यंत फाइल पोचलेलीच नाही, सर्व्हरने ती दारातच अडवली आहे असं समजा. दर पाच सेकंदांना एक बिंदू ठेवला तरी डोंगरातली वाट व्यवस्थित कळते, फाइलही आटोक्यात राहते.

एसव्हीजीचं प्रकरण वेगळं आहे

सगळे नाकारलेले प्रकार एका माळेचे मणी नाहीत. ईपब, डीडब्ल्यूजी किंवा सीडीआर ब्राउझर सहसा उघडत नाही, वाचणारा त्या उतरवून घेतो. एसव्हीजी ब्राउझर उघडतो. ती दिसते चित्रासारखी, पण आतून ती एक्सएमएलमधला मजकूर आहे: इथून रेघ काढ, इथे वर्तुळ, हा रंग भर. याच मजकुरात जावास्क्रिप्टही, म्हणजे ब्राउझर चालवतो असा कोड, लिहिता येते.

पानात चित्र म्हणून लावलेली एसव्हीजी निरुपद्रवी असते, कारण तशा लावलेल्या चित्रातली स्क्रिप्ट ब्राउझर चालवत नाही. पण त्याच फाइलचा पत्ता थेट उघडला की ती चालते, तीही तुमच्या साइटच्या नावाखाली. लॉगिन केलेल्या प्रशासकाने अशी लिंक उघडली तर ती स्क्रिप्ट त्याच्या अधिकाराने साइटवर कामं करू शकते. म्हणून वर्डप्रेसने इतकी वर्षं मागणी होऊनही एसव्हीजी यादीत घेतलेली नाही, आणि मला तो निर्णय पटतो.

बोधचिन्ह एसव्हीजीतच हवं असेल तर 'सेफ एसव्हीजी' हे प्लगइन आहे. ते फाइल चढतानाच तिच्यातला स्क्रिप्टसारखा मजकूर काढून टाकतं आणि उरलेली स्वच्छ फाइल ठेवतं. नुसतं यादीत एसव्हीजी जोडणं हे त्याच्या तोडीचं नाही. त्यात साफसफाई काहीच होत नाही, फक्त दार उघडतं. आणि काम एकाच बोधचिन्हाचं असेल तर मोठ्या आकाराची पीएनजी घाला, विषय संपला. नेटवरून उतरवलेली सजावटीची एसव्हीजी तर साफ केल्याशिवाय कधीच चढवू नका. ती कुणी बनवली हे तुम्हाला ठाऊक नसतं.

एसव्हीजी चढवताना एक गंमतशीर अडथळाही येतो. फाइलच्या माथ्यावर एक्सएमएलची ओळख सांगणारी पहिली ओळ नसेल, तर काही सर्व्हर तिला एसव्हीजी म्हणून ओळखतच नाहीत. डिझायनरला ती ओळ ठेवून फाइल पुन्हा काढायला सांगा.

जीपीएक्सही एक्सएमएल असल्यामुळे तीसुद्धा ब्राउझरमध्ये थेट उघडू न देणं बरं. अपाचे सर्व्हरवर 'या फाइली दाखवू नको, उतरवायला दे' अशी सूचना लिहिता येते. वाचणाऱ्यालाही तेच हवं असतं, त्याला ती फाइल मोबाइलमधल्या नकाशात टाकायची असते.

अपलोडच्या फोल्डरला कुलूप

एखादा प्रकार उघडायच्या आधी हे काम करून घ्या. माझ्या मते यादीपेक्षा हे महत्त्वाचं. अपलोडच्या फोल्डरमधली कुठलीही पीएचपी चालणार नाही असा नियम सर्व्हरला घालून द्यायचा. मग समजा उद्या एखाद्या प्लगइनच्या भोकातून पीएचपी आत आलीच, तर ती नुसती पडून राहील.

अपाचेवर त्या फोल्डरमध्ये एचटीॲक्सेस नावाची छोटी फाइल ठेवून, पीएचपी शेपटीच्या फाइलींना मज्जाव करणाऱ्या तीन ओळी लिहायच्या. एनजिनएक्स हा दुसरा प्रचलित सर्व्हर ही फाइल वाचत नाही, तिथे नियम सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्ये जातो आणि साध्या होस्टिंगवर तो होस्टिंगवाल्याकडूनच घालून घ्यावा लागतो. मेल पाठवा, 'अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद करून द्या' एवढं स्पष्ट लिहा. हे नेहमीचं काम आहे, त्यांना समजतं.

नियम खरंच लागू झाला का हे स्वतः बघा. साध्या एडिटरमध्ये 'नमस्कार' एवढा एकच शब्द छापणारी एका ओळीची पीएचपी फाइल तयार करा. ती वर्डप्रेसमधून चढणार नाही. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून अपलोडच्या फोल्डरमध्ये ठेवा. मग तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. नुसतं 'नमस्कार' दिसलं तर पीएचपी चालते आहे, म्हणजे कुलूप लागलेलं नाही. ४०३ हा आकडा किंवा मनाईचा मजकूर दिसला तर लागलं. कोडची ओळ जशीच्या तशी दिसली, तर ती चाललेली नाही. ही स्थितीही चालेल, पण मनाई जास्त बरी. तपासून झालं की ती फाइल लगेच पुसा.

याच फोल्डरमध्ये तुम्ही न ठेवलेली एखादी पीएचपी आढळली तर मात्र ती पुसून गप्प बसू नका. काही प्लगइन रिकामी 'इंडेक्स' पीएचपी ठेवतात, ती सोडून द्या. बाकी काहीही दिसलं तर आधी तिची प्रत आणि तारीख नोंदवा, होस्टिंगवाल्याला कळवा, सगळे पासवर्ड बदला. साइटमध्ये घुसखोरी किंवा घातक कोड पेरला जाणं या घटना सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला ६ तासांत कळवाव्यात असा २८ एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. तो कंपन्यांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे. त्यामुळे तुमची साइट एखाद्या कंपनीची असेल तर घड्याळ तिथूनच सुरू होतं.

फाइलीतून आणखी काय जातं

सुरक्षिततेबद्दल बोलताना सगळे आत येणाऱ्याची काळजी करतात. बाहेर जाणाऱ्याची कुणी करत नाही. मीडिया लायब्ररीत टाकलेली फाइल जाहीर असते. लेख मसुद्यात ठेवला तरी फाइलचा पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला ती मिळते.

आता जीपीएक्स. कोथरूडचा लीडर शनिवारी रात्री घरातून निघतानाच घड्याळ चालू करतो आणि रविवारी सकाळी दारात येऊन बंद करतो. फाइलचा पहिला आणि शेवटचा बिंदू म्हणजे त्याच्या सोसायटीचं फाटक. वेळही सोबत, म्हणजे तो घरी कधी नसतो तेही. अनेक घड्याळं त्याच फाइलीत हृदयाचे ठोकेसुद्धा लिहितात. ही फाइल जशीच्या तशी साइटवर गेली तर हे सगळं जगाला देऊन झालं. ट्रेकच्या सुरुवातीच्या ठिकाणाआधीचे आणि संपल्यानंतरचे बिंदू कापा, वेळ आणि ठोके काढून टाका. नकाशे दाखवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कापायची सोय असते, नाहीतर नोटपॅडमध्ये ओळी पुसल्या तरी चालतं. वाचणाऱ्याला वाट हवी आहे, लीडरचं घर नाही. महिला ट्रेकर्सच्या फाइलींबाबत तर ही काळजी कुणी टाळली तर मी गप्प बसणार नाही.

फॉर्मवाटे लोकांकडून फाइली घेत असाल, नावनोंदणीसाठी ओळखपत्र किंवा वैद्यकीय दाखला, तर त्या कुठल्या फोल्डरमध्ये जातात हे आधी शोधा. काही फॉर्म प्लगइन त्या याच जाहीर फोल्डरमध्ये ठेवतात. आधार कार्डाची प्रत तिथे पडून राहणं ही पीएचपीइतकीच गंभीर गोष्ट आहे.

बाकी प्रकारांचं थोडक्यात. ईपबला 'ॲप्लिकेशन/ईपब+झिप' हा प्रकार लावला की ती सहसा विनातक्रार चढते. डीडब्ल्यूजी बघणाऱ्याकडे ते सॉफ्टवेअर असेलच असं नाही, त्यामुळे साइटवर पीडीएफ द्या आणि मूळ ड्रॉइंग मागणाऱ्याला मेलने पाठवा. सीडीआरची देवाणघेवाण साइटच्या मीडियातून करूच नये, ग्राहकाचं काम सगळ्यांना दिसेल अशा जागी कशाला? आणि ज्याला एकदाच एखादी वेगळी फाइल द्यायची आहे त्याने यादीला हात लावण्यापेक्षा ती झिप करून द्यावी. झिप मुळातच यादीत आहे.

वर्डप्रेससारखीच साइट चालवणारी इतर सॉफ्टवेअर आहेत. त्यांतल्या ड्रुपलमध्ये ही परवानगी साइटभर नसते, प्रत्येक फाइल-फील्डला स्वतंत्र दिलेली असते. त्यामुळे जीपीएक्स फक्त 'ट्रेकची वाट' या रकान्यातच चढेल अशी सोय होते. या बाबतीत ड्रुपल मला वर्डप्रेसपेक्षा उजवं वाटतं. जूमलात मीडियाच्या सेटिंगमध्ये चालणाऱ्या शेपट्यांची यादी असते. वर्डप्रेसची मल्टिसाइट मांडणी असेल, म्हणजे एका छताखाली अनेक साइट्स, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रकारांची आणखी एक यादी असते आणि जीपीएक्स दोन्हीकडे लिहावी लागते. एका ठिकाणी लिहून दुसरीकडे राहिली की पुन्हा तोच नकार.

जो प्रकार उघडला तो कधी, कशासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे त्या छोट्या प्लगइनच्या माथ्यावर मराठीत लिहून ठेवा. पुढची कार्यकारिणी येईल तेव्हा त्यांना विचारायला तुम्ही असालच असं नाही. गरज संपल्यावर प्रकार यादीतून काढा, पण तेवढ्याने आधी चढलेल्या फाइली जात नाहीत. त्या जागच्या जागी राहतात आणि उघडतही राहतात. नको असलेल्या फाइली मीडिया लायब्ररीतून एकेक करून काढाव्या लागतात.